वामनचा काळा चिंचोका

पूर्णेला गाडी बदलायची असली की मी फलाटावर बसून राहत नाही. वळकटी ओळखीच्या चहावाल्याकडं टाकतो आणि रुळांच्या कडेनं रेल्वेच्या चाळीकडं चालू लागतो. इंजिनाला पाणी पाजायच्या नळाखालून, भिजलेल्या कोळशाच्या ढिगाला वळसा घालून, थेट त्या चिंचेखाली. चाळीच्या मागच्या अंगाला ती एकटीच उभी आहे. रुळांकडची तिची बाजू धुरानं कायम काळपट, शेताकडची हिरवी.

या खेपेला गेलो तेव्हा चिंचा पिकल्या होत्या. वाऱ्यानं पडून फुटलेल्या चिंचांचा आंबूस वास कोळशाच्या वासात मिसळला होता. एक उचलली, टरफल काढलं, आणि गर चोखून चिंचोका तोंडात घोळवत उभा राहिलो. समोर वामनचं घर. त्याच्या दाराला आता कुणाचा तरी निळा पडदा आहे, ओट्यावर दुसऱ्यांची खाट आहे.

माझ्या खिशात एक नवा लेख होता. निजामाचं राज्य गेलं, आमच्या वालूरच्या शाळेत आता मुलं मराठीतून शिकणार, त्याच्या समारंभात चार शब्द वाचून दाखव असा गावचा निरोप आला होता. लेख लिहून तयार होता. पण या झाडाखाली आल्याबरोबर मला तो खिशात जड वाटू लागला. जे काही लिहिलं ते इथं वाचून दाखवायचं आणि मगच पुढं न्यायचं, ही माझी फार जुनी सवय आहे. ऐकणारा तेवढा आता नाही.

मी पत्रकांवर वाढलो. वाशीमचे मामा वऱ्हाडातून यायचे, म्हणजे सरहद्दीपलीकडून, आणि येताना डाळीच्या पिशवीत तळाशी निजामाविरुद्धची पत्रकं दडवून आणायचे. त्या कागदांना हरभऱ्याच्या डाळीचा वास असे. दार लोटून, चुलीपुढं बसून मामा ती हळू आवाजात वाचत. वाचून झालं की कागद चुलीत. 'गर्जून उठा', 'बेड्या तोडा', हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकले ते कुजबुजीत. कागद आक्रसायचा, अक्षरं क्षणभर लाल होऊन दिसायची, आणि त्याच आचेवर आई भाकर टाकायची. मला वाटायचं, आमच्या घरची भाकर जरा जास्तच खमंग लागते ती त्या शब्दांमुळं.

वामनच्या घरची रीत उलटी होती. त्याचे वडील, बापू, स्टेशनात तारबाबू होते. दिवसभर तारेच्या यंत्रावर बोट ठेवून बसायचे. तारेत जास्तीचा शब्द चालत नाही, तसा तो त्यांच्या घरातही चालत नसे. जेवताना बापू म्हणत, "मीठ." वामनची आई, काकू, म्हणत, "डावीकडं." तेवढ्यावर जेवण पार पडे. मी पहिल्यांदा त्यांच्याकडं जेवायला बसलो आणि देशाच्या स्थितीवर बोलू लागलो, तर बापू घास हातात धरून ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "मजकूर मोठा आहे." वामन पाणी पिता पिता ठसकला.

आमची ओळख हैदराबादच्या कॉलेजातली. एकाच खोलीत राहायचो. सुटी लागली की दोघं एकाच गाडीत बसत असू. मला खरं तर पूर्णेवरून पुढं सेलूला उतरून वालूरला जायचं असे, पण मी आधी पूर्णेलाच उतरे. ते दिवस मला वासानं आठवतात. काकूंच्या ओल्या लुगड्याचा वास, इंजिनाच्या तेलाचा, दिवाळीच्या सुमारास शेतातून येणारा तुरीच्या फुलांचा. दुपारी शंटिंग चालू असे. डबे डब्यांवर आदळत, चाळीतली भांडी फळीवर किणकिणत, आणि कुणी मान वर करून बघतही नसे.

दुपारी काकू शेजारच्या मंगलाबाईंबरोबर पट मांडत. फासे म्हणून चिंचोके. मधोमध फोडलेले, वरून काळे, आतून पांढरे. पांढरे पडले की सोंगटी पुढं सरकते. वामननं ते फासे भलत्याच कामाला लावले. एकानं काही लिहिलं की चिंचेखाली बसून मोठ्यानं वाचायचं. मग पानं जमिनीवर पसरायची. ऐकणाऱ्यानं, जी ओळ मनात राहिली तिच्यावर पांढरी बाजू वर करून चिंचोका ठेवायचा. जिथं मन उठून निघून गेलं तिथं काळी. दुसऱ्याच्या कागदाला शाई लावायची नाही. 'तू असं लिहिलंस' म्हणायचं नाही, 'मला असं झालं' म्हणायचं. लिहिणाऱ्यानं तोवर गप्प बसायचं. आणि वामनचा सगळ्यात आवडता नियम असा, की काळा चिंचोका ठेवला तर प्रश्न विचारायचा. उत्तर सुचवायचं नाही.

"उत्तर मी दिलं तर निबंध माझा हुईल की," तो म्हणायचा. "मला कुठं लिहायचाय तुझा निबंध?"

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुटीआधी माझ्या पेटीत मामांचं एक पत्रक सापडलं. प्रिन्सिपॉलसाहेबांनी बोलावून घेतलं. ते ओरडले नाहीत. पत्रकाची नीट घडी घातली आणि म्हणाले, "मियाँ, अगली बार नाम काट दिया जाएगा." त्याच महिन्यात आमच्या मराठीच्या गुरुजींनी संमेलनात निबंध वाचायला मला निवडलं. विषय साधा होता, 'माझे गाव'. अट एकच होती. निबंध आधी साहेबांना ऐकवायचा.

वालूरहून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. नाव कापलं गेलं असतं तर आईला कोणत्या तोंडानं सांगणार होतो? आणि खरं ते गिळून उभा राहिलो असतो, तर मग कॉलेजात राहून तरी काय करायचं होतं? मी ठरवलं, होऊ दे काय व्हायचं ते. निबंध लिहिला तो सगळा ज्वालांचा. बेड्या होत्या, रणशिंग होतं, रक्ताचा सडा होता. पूर्णेला उतरल्या उतरल्या, तोंडही न धुता, मी वामनला चिंचेखाली ओढत नेलं.

उभं राहून, हात उंचावून वाचलं. वामन खोडाला टेकून, मांडीत चिंचोके घेऊन ऐकत होता. वाचून झाल्यावर त्यानं पानं पसरली आणि एकेक चिंचोका ठेवू लागला. काळा. काळा. परत काळा. पहिलं पान मुंग्या लागल्यासारखं दिसू लागलं.

"मला हितं वालूर दिसलं न्हाई," तो म्हणाला. "वालूर खोडून पाथरी घातलं तरी भागतंय."

"गुलामी वालूरला आणि पाथरीला सारखीच आहे!"

"नियम," वामन म्हणाला. "तू बोलायचं न्हाई, पुढारी."

तो मला पुढारी म्हणायचा. इतर वेळी मला ते आवडायचं.

"नियम गेला खड्ड्यात. तू भ्यालास वामन्या. बाप सरकारी तारेवर बसतो म्हणून भ्यालास."

त्यानं हातातला चिंचोका धोतराच्या सोग्याला घासला. बराच वेळ घासला.

"भ्यालोय की," तो म्हणाला. "लय भ्यालोय. तुझं नाव कापलं तर खोलीत एकटा मी भांडू कुणाशी? पण ती भीती चिंचोक्यात धरली न्हाई मी. ती बाजूला ठेवून ऐकलंय."

मी खाली बसलो.

"आता प्रश्न इचारतो," तो म्हणाला. "हे तू कुणाला सांगायलास?"

"जनतेला."

"कुठं बसलीय?"

मी रुळांकडं हात केला. तिकडं एक म्हैस उभी होती. तीही पाठ करून.

वामन हसला नाही, हे त्याचे उपकार. त्यानं शेवटचं पान पुढं ओढलं. तिथं मधेच एक ओळ होती. दोन गर्जनांच्या मधे श्वास घ्यायला म्हणून घातली असावी. 'आई शाळेच्या दारापाशी उभी राहून आमचा धडा ऐकायची. संध्याकाळी विचारायची, आज काय शिकलास? मला ते तिच्या भाषेत सांगता येत नसे.' तिच्यावर वामननं चिंचोका ठेवला. पांढरा.

"हितं मला तुझी आई दिसली," तो म्हणाला. "पुढं काय झालं?"

"पुढं काय होणार? काही न्हाई झालं."

"मग ते काही न्हाई झालं, ते लिही की."

तेवढ्यात काकू मागच्या दारातून आल्या, पदर खोचून. "माझे फासे कुठायत रे? मंगलाबाई पट मांडून बसलीय आन तुमी हितं..." त्यांनी पसरलेल्या पानांकडं पाहिलं. "अगं बाई! एवढे काळे पडले? आमच्यात एवढे काळे पडल्यावर सोंगटी घरातून हालत न्हाई."

"म्हणून तर हलवायलोय, आई," वामन म्हणाला.

काकूंनी चिंचोके ओटीत गोळा केले. तो एक पांढरा तेवढा मी मुठीत धरला. त्या दिवसापासून काकूंच्या पटात एक फासा नवा आहे.

उरलेली सुटी मी वालूरला गेलो आणि ते 'काही न्हाई झालं' लिहू लागलो. आश्चर्य म्हणजे ते संपेना. शाळेतल्या मौलवीसाहेबांचा आवाज आठवला. फार गोड होता. अलिफ, बे म्हणताना आमच्या माना एकदम हलत. सगळं उर्दूत, हिशोब उर्दूत, भूगोल उर्दूत. उर्दूनं माझं काही वाईट केलं नव्हतं, आजही एखादा शेर कानावर पडला की मी थांबतो. पण तिला आमच्या मायलेकांच्या मधे आणून बसवणारा हुकूम, त्याच्याशी माझं भांडण होतं आणि आहे. मी लिहिलं की संध्याकाळी चुलीपुढं मी धडा घडाघडा म्हणायचो, आई शेवटपर्यंत ऐकायची, 'चांगलं म्हटलंस' म्हणायची आणि भाकर उलटायची. लिहिलं की मग आम्ही दोघं जेवायचो. बस, एवढंच. एक ज्वाला नाही, एक बेडी नाही. लिहिताना मला मात्र राग असा आला होता की टाक मोडला.

साहेबांच्या खोलीत गुरुजींनी निबंध उर्दूत करून सांगितला. साहेब खिडकीकडं तोंड करून ऐकत होते. ऐकून झालं तरी वळले नाहीत.

"इसमें काटने को तो कुछ नहीं है," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळून त्यांनी आईची चौकशी केली. "वालिदा हयात हैं?"

"जी."

"उन्हें हमारा सलाम कहिए."

माझं नाव राहिलं. संमेलनात मी निबंध वाचला. मागच्या बाकांवरची पोरंही हलली नाहीत. फक्त अगदी शेवटी, ती शांतता मला सहन झाली नाही, आणि कागदावर नसलेली दोन वाक्यं माझ्या तोंडून आपोआप निघाली. 'अशा लाखो माता' वगैरे. टाळ्या खूप पडल्या. खोलीवर जाताना वामनला मी विचारलंच.

"शेवटची दोन जास्तीची झाली," तो म्हणाला. "एकच आई होती. तिला लाखांत नेऊन कशाला हरवलंस?"

असा होता तो. आणि स्वतः लिहायचा तेव्हा कागद हातानं झाकून लिहायचा. एकदाच त्यानं मला वाचून दाखवलं. त्याच उन्हाळ्यात, याच झाडाखाली. बापूंच्या बोटाविषयी होतं ते. बापूंचं उजवं बोट जेवताना ताटाच्या काठावर वाजतं, देवापुढं बसल्यावर गुडघ्यावर वाजतं, अशा साध्या ओळी. ऐकताना मला स्टेशनातल्या तारेची कटकट स्पष्ट ऐकू आली. मी हातातले सगळे चिंचोके पांढरे ठेवले. वामनला आनंद होईल असं वाटलं होतं. तो रागावला.

"एक तरी काळा ठेव, लेका. न्हाईतर मी पुढं कसा जाऊ?"

मग मी पानं परत वाचली. खूप शोधून एका ओळीवर काळा ठेवला आणि विचारलं, "झोपेत बापूंचं बोट काय वाजवतं?"

पुढं दोन-तीन दुपारी, बापू ओट्यावर आडवे झाले की वामन त्यांच्या खाटेशी जाऊन बसे, कान देऊन. मला खूण करे, बोलू नकोस. त्याला काय ऐकू आलं, ते मला कळलंच नाही. मी वालूरला गेलो. जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा खोलीतली दुसरी खाट रिकामी होती.

राज्य उलथण्याच्या धामधुमीत पुढची वर्षं अशी गेली की कुणी कुणाचा पत्ता विचारू नये. मी पूर्णेला उतरलो तेव्हा चाळीत नवी माणसं होती. कुणी म्हणालं, पोरगा तारेवर लागला, काझीपेठला आहे. कुणी म्हणालं, मनमाडला. रेल्वेची माणसं. ती अशीच कुठल्या तरी स्टेशनात असतात. मी ज्या ज्या स्टेशनात उतरतो तिथं तारेच्या खिडकीशी जाऊन डोकावतो. आत कुणी तरी मान खाली घालून वाजवत असतं. ते वामन नसतं.

तर या खेपेला मी चिंचेखाली एकटाच उभा राहिलो आणि नवा लेख मोठ्यानं वाचला. रुळांवर म्हैस नव्हती, ऐकायला तेवढंही कुणी नव्हतं. शेवटच्या परिच्छेदाला मीच अडखळलो. परत ज्वाला आल्या होत्या, परत लाखो आले होते. वामन असता तर मूठभर काळे ओतले असते. तो परिच्छेद मी तिथंच खोडला. खाली फक्त आईची ती जुनी ओळ ठेवली, दारापाशी उभ्या आईची. ती पांढरीच होती. तिच्यावर वामननं, गुरुजींनी, साहेबांनी, सगळ्यांनी विश्वास ठेवला होता. गाडीची शिट्टी झाली आणि मी पळालो.

वालूरला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आई चुलीपुढं होती. मी मुद्दाम दार उघडं टाकलं. त्या चुलीपुढं आजवर जे वाचलं गेलं ते लोटलेल्या दाराआड. म्हटलं, एकदा तरी आवाज गल्लीत जाऊ दे.

"आई, उद्या शाळेत वाचायचंय ते ऐकतेस?"

"वाच की. मला काय, हात कामात हायेत, कान मोकळेच."

मी वाचलं. ती भाकर थापत ऐकत होती. ओळ आली, मी जरा सावकाश वाचली. थापणं थांबलं.

"दाराशी न्हाई रे," आई म्हणाली.

"काय?"

"शाळंच्या दाराशी बायांना कोन हुबं ऱ्हाऊ देतंय? लिंबाखाली गवऱ्या थापायची मी. तितनं ऐकू यायचं."

मी कागदाकडं बघितलं. वामनलाही हे सुचलं नव्हतं.

आई परत थापू लागली. थापता थापता, भाकरीच्या ठेक्यावर, तिनं सुरू केलं, "अलिफ, बे, पे, ते..." मी वर बघितलं. ती परातीकडंच बघत होती. "टे, से, जीम, चे..." मौलवीसाहेबांची तीच चाल, तोच हेलकावा. मान तशीच हलत होती. एक अक्षर न चुकता ती थेट शेवटच्या 'ये'पर्यंत गेली आणि भाकर उचलून तव्यावर टाकली.

"आई, तुला हे येतंय?"

"रोज ऐकून ऐकून आलं. गवऱ्या थापताना बरं पडतंय." ती हसली. "पर इचारलं कुनी?"

तव्यावर भाकर फुगत होती. वास तोच होता, पूर्वीचाच, आणि चुलीत कुठलाही कागद जळत नव्हता.

मी खिशातून काकूंच्या पटातला तो चिंचोका काढला. इतकी वर्षं पांढरा म्हणून जपलेला. तो उलटा केला आणि माझ्या त्या ओळीवर ठेवला, काळी बाजू वर. काळा ठेवला की विचारायचं असतं.

"आई," मी म्हणालो, "आनखी काय काय शिकलीस?"